फळमाशीच्या डोळ्यावर काम करताय? मग या चुका टाळा

"डोळा खडबडीत आलाय, म्हणजे हे जीन पेशींचं विभाजन कंट्रोल करतं!" लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच क्रॉसनंतर (दोन प्रकारच्या माश्यांच्या मीलनानंतर) हे बोलतात आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं. खडबडीत डोळा म्हणजे एवढंच की ७५०-८०० ओमॅटिडियांची (डोळ्याच्या छोट्या घटकांची) ओळ विस्कटली. पेशी जास्त झाल्या, कमी पडल्या, मेल्या की भलत्याच प्रकारच्या बनल्या, हे पूर्ण वाढलेल्या माशीकडे बघून कळत नाही, त्यासाठी अळी फोडून आय डिस्क (अळीतला जो पेशींचा थर पुढे डोळा बनतो तो) काढावीच लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसत्या ड्रायव्हरचा, म्हणजे दुसरं जीन ठरावीक जागी चालू करणाऱ्या जीनचा, कंट्रोल न ठेवणं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः ही केलीये. इफेक्ट ठळक दिसावा म्हणून जीएमआर-गॅल४ या डोळ्यातल्या ड्रायव्हरचे सगळे क्रॉस २९ डिग्रीला ठेवले, कारण गरम असलं की गॅल४ जोरात चालतं, आणि कंट्रोल म्हणून साध्या जंगली (जीनमध्ये बदल नसलेल्या) माश्या घेतल्या. अडीच महिने खडबडीत डोळ्यांचे फोटो काढले, पोस्टरही बनवलं. मग एका सीनियर ताईने विचारलं, "नुसत्या ड्रायव्हरचा डोळा दाखव ना." तो क्रॉस लावला तर तोही खडबडीत! जास्त गॅल४ स्वतःच डोळ्यातल्या पेशी मारतं, आणि हे आधीच छापून आलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. अडीच महिन्यांचं सगळं काम टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी २५ डिग्रीलाच काम करते, ड्रायव्हरची एकच कॉपी ठेवते आणि नुसत्या ड्रायव्हरची व्हायल (माश्या वाढवायची बाटली) त्याच ट्रेमध्ये, त्याच दिवशी लावते. घाई असेल त्याने माशीवर काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जीएमआर फक्त फरोच्या (आय डिस्कवरून सरकत जाणाऱ्या खाचेच्या) मागे चालू होतं, पुढच्या पेशींबद्दल त्यावरून काही बोलू नका.

दुसरी चूक वयाची. तिसऱ्या अवस्थेच्या अळीत फरो डिस्कच्या मागच्या टोकाकडून पुढे सरकत जातो, साधारण दोन तासांना एक ओळ. त्याच्या पुढे पेशी वाटेल तशा विभाजतात, फरोमध्ये सगळ्या जी१ ला (विभाजनाच्या तयारीआधीच्या टप्प्याला) थांबतात, मग अटोनल या जीनमुळे आर८ ही पहिली फोटोरिसेप्टर (प्रकाश टिपणारी) पेशी ठरते, तिच्याभोवती पाच पेशींचा गट जमतो आणि उरलेल्या पेशी अजून एकदा विभाजतात, हीच विभाजनाची दुसरी लाट. आता तुमची एक अळी दहा तासांनी मोठी असेल तर पाच ओळींचा फरक म्युटेशन नसतानाही दिसणार! गर्दीच्या व्हायलमध्ये अळ्या हळू वाढतात, त्यामुळे हे हमखास होतं. मी माश्यांना चारच तास अंडी घालू देते, व्हायलमध्ये पन्नासेक अळ्या ठेवते, आणि डिस्कचं क्षेत्रफळ मोजत बसण्यापेक्षा एलाव्हने (चेतापेशी दाखवणाऱ्या खुणेने) स्टेन करून फरोच्या मागच्या ओळी मोजते, मग दोन डिस्कची तुलना करताना फरोपासून सारख्याच अंतरावरची ओळ बघते.

विभाजन थांबलं म्हणजे पेशींची ओळख ठरणंही थांबलं असं धरू नका. १९९५ मध्ये माणसाचं पी२१ हे विभाजन थांबवणारं जीन माशीच्या डोळ्यात चालू करून ती दुसरी विभाजनाची लाट अडवली, तरी पेशींची ओळख ठरतच राहिली, फक्त शेवटी लागणाऱ्या पेशी पुरल्या नाहीत. हिप्पो या वाढ रोखणाऱ्या जीनच्या म्युटंटमध्ये उलटं, डोळ्यात ओमॅटिडियांच्या मधल्या पेशी भरमसाठ, पण फोटोरिसेप्टर बऱ्यापैकी ठीक. म्हणून पीएच३ (विभाजणाऱ्या पेशींची खूण) आणि एलाव्ह एकाच डिस्कवर लावा, वेगवेगळ्या डिस्कवर नाही.

क्रॉससाठी व्हर्जिन (अजून मीलन न झालेल्या माद्या) कोशातून बाहेर आल्यापासून २५ डिग्रीला आठ तासांच्या आत गोळा करा, "बहुतेक व्हर्जिन आहे" असलं काही नसतं. टीएम६बी बॅलन्सर (म्युटेशन टिकवून ठेवणारं खुणेचं गुणसूत्र) असेल तर ते असलेल्या आखूड, जाड टबी अळ्या बाजूला काढा, आणि ज्या अळीबद्दल शंका आहे ती फोडूच नका, कारण डिस्क एकदा स्लाइडवर गेली की ती कोणत्या अळीची होती हे विचारायला कोणी नसतं.