जेएसडॉकमध्ये लिहिलेला टाइप, कोड चालतानाही, कसा पाळायला लावावा

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या डोक्यावर जेएसडॉकने, म्हणजे ठरावीक पद्धतीच्या कॉमेंटने, तुम्ही लिहिता: ‘भाडे’ हा नंबर, ‘अनामत’ हाही नंबर. ब्राउझर ही कॉमेंट वाचतच नाही. गोव्यात पाळोळ्यातल्या एखाद्या होमस्टेचा बुकिंग फॉर्म घ्या. इनपुटची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, इनपुटचा टाइप नंबर ठेवला तरीही. मग भाडे १८०० आणि अनामत ५०० यांची बेरीज २३०० न होता १८००५०० होते. एरर कुठेच दिसत नाही आणि पाहुण्याच्या हातात भलतेच बिल पडते.

आधी एक छोटे तपासणी फंक्शन लिहा. त्याला व्हॅल्यू आणि रकान्याचे नाव द्या. आत व्हॅल्यूचा टाइप सांगणाऱ्या नुसत्या टाइपऑफवर विसंबू नका: तो नॅनलाही (‘हा नंबर नाही’ सांगणारी व्हॅल्यू) नंबर म्हणतो, आणि नल (‘काहीच नाही’) व अ‍ॅरे दोघांनाही ऑब्जेक्ट. भाड्यासाठी ‘नंबर डॉट इजफायनाइट’ वापरा, रात्रींच्या संख्येसाठी ‘नंबर डॉट इजइंटिजर’, यादीसाठी ‘अ‍ॅरे डॉट इजअ‍ॅरे’. ‘नंबर डॉट’ गाळू नका. नुसते इजफायनाइट आधी स्ट्रिंगचा नंबर करते आणि मग खुशाल होकार देते.

तपासणी फसली की टाइपएरर फेका, आणि मेसेज नेमका लिहा: ‘अनामत: नंबर हवा होता, स्ट्रिंग आली’. रात्री अकराला फोन आल्यावर हीच ओळ कामाला येते.

आता स्ट्रिंगचे नंबरमध्ये रूपांतर. इथे सगळ्यात जास्त जपायला हवे. रिकामी स्ट्रिंग नंबर फंक्शनला दिली की शून्य मिळते, म्हणजे न भरलेली अनामत ‘शून्य रुपये’ होऊन बसते. नंबर टाइपच्या इनपुटवर ‘व्हॅल्यूअ‍ॅजनंबर’ घ्या. रकाना रिकामा असेल तर ते नॅन देते आणि तपासणी त्याला अडवते.

ही तपासणी प्रत्येक फंक्शनात घुसडू नका, कोड वाचणे अवघड होईल. बाहेरचा डेटा जिथे आत येतो तिथेच ती ठेवा: फॉर्म, सर्व्हरकडून येणारा जेसन डेटा, ब्राउझरमध्ये साठवलेले लोकलस्टोरेज. आतल्या कोडसाठी फाइलच्या पहिल्या ओळीत ‘अ‍ॅट टीएस-चेक’ ही कॉमेंट टाका. व्हीएस कोड हा एडिटर जेएसडॉक वाचून चुकीच्या जागी लाल रेघ ओढेल. टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे टाइप जोडलेल्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहीत असाल तरी सीमेवरची तपासणी हवीच, कारण कंपाइल होताना त्यातले टाइप पुसले जातात. रकाने बरेच असतील तर झॉडसारखी तपासणीची तयार लायब्ररी घ्या.

शेवटी तपासणी फंक्शनला मुद्दाम स्ट्रिंगमधले ५००, रिकामी स्ट्रिंग, नल आणि नॅन देऊन पाहा. चारही वेळा टाइपएरर आलाच पाहिजे.