जुन्या यंत्राचा पट्टा जोडायचाय? आधी सगळ्यात छोटी पुली मोजा

घोटीला आमच्या मामांची जुनी भात गिरणी आहे. लिस्टर टाईप इंजिन, ६ एचपी, ६५० आरपीएम, त्याच्यावरून मोठा सपाट पट्टा मेन शाफ्टला जातो आणि शाफ्टवरून एक लहान पट्टा कोंडा उडवणाऱ्या पंख्याला. दोन वर्षांपूर्वी ऐन इंद्रायणीच्या सीझनमध्ये हा पंख्याचा पट्टा जॉइंटला सुटला. मी नाशिकहून नवीन जॉइंट आणायला गेलो, दुकानात सांगितलं की सगळ्यात मजबूत द्या, त्यांनी बोल्टवाल्या प्लेटा दिल्या. टाकल्या, आणि पाचव्या दिवशी पट्टा परत तुटला. पण प्लेटा जशाच्या तशा होत्या, एक बोल्टसुद्धा ढिला नाही, पट्टाच प्लेटांच्या मागच्या कडेला सरळ रेघेत चिरला होता, कॅनव्हासचे धागे बाहेर लोंबत होते. मामा बाहेर पोती घेऊन बसलेल्या लोकांकडे बघून एवढंच म्हणाले, "अरे, आता यांना काय सांगू?" ते अजून डोक्यात आहे, म्हणून हे नीट लिहितोय.

झालं काय होतं तर पंख्याची पुली ५ इंची. प्लेट कडक असते, ती पुलीवर वळत नाही, मग सगळं वळण प्लेटेच्या कडेला एकाच जागी येतं. पंखा १४०० आरपीएमने फिरतो म्हणजे मिनिटाला साधारण १८३० फूट पट्टा पळतो, आमचा पट्टा १५ फुटी, म्हणजे तोच जॉइंट मिनिटाला १२२ वेळा त्या पुलीवरून जातो, तासाला सव्वासात हजारच्या वर. तेवढ्या वेळा कुठलीही पट्टी एकाच रेघेवर दुमडली तर ती तुटणारच. म्हणून जॉइंट निवडताना मजबुती नंतर, आधी त्या पट्ट्याच्या वाटेतली सगळ्यात छोटी पुली मोजा, मग पट्ट्याची जाडी मोजा, आणि दोन्ही मापं कागदावर लिहूनच दुकानात जा.

छोट्या पुलीला माझ्या मते तारेच्या हुकांचा जॉइंट सगळ्यात चांगला. दोन्ही टोकांना बारीक हूक दाबून बसवायचे, एकमेकांत अडकवायचे आणि मधून पिन घालायची, बिजागरीसारखं वळतं, आवाजही कमी. अडचण एकच, हूक दाबायला त्याचं मशीन लागतं, ते घरी नसतं, त्यामुळे पट्टा काढून दुकानात न्यावा लागतो. आमच्या पंख्याला आता हाच आहे.

मोठ्या पुल्या असतील, म्हणजे इंजिन ते शाफ्ट किंवा थ्रेशर, कडबाकुट्टी, तर अॅलिगेटर लेसिंग घ्या. ती दात असलेली पत्र्याची पट्टी, दात पट्ट्यात ठोकायचे, मधे पिन. फक्त हातोडी लागते म्हणून शेतावर हीच सोयीची, आणि पिन ओढली की पट्टा मोकळा. हिचे नंबर असतात, ते पट्ट्याच्या जाडीवर, रुंदीवर नाही. जाड पट्ट्याला लहान नंबर लावला तर दात आरपार पोचतच नाहीत, मग वळणार कुठून, पातळ पट्ट्याला मोठा लावला तर दात कापडच फाडतात. बॉक्सवर जाडी आणि किमान पुली दोन्ही दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बोल्टवाल्या प्लेटा वाईट नाहीत, जाड पट्टा, मोठी पुली आणि कमी स्पीड असेल तिथे वर्षानुवर्षं टिकतात. पण पट्ट्याच्या पाठीवर जॉकी पुली, म्हणजे पट्टा ताणून धरणारी जादा पुली, टेकत असेल तर नको, बोल्टची डोकी प्रत्येक फेरीला तिच्यावर आपटतात.

आणि क्रॉस पट्टा असेल, म्हणजे आठच्या आकड्यासारखा उलटा टाकलेला, तर लोखंडी जॉइंट जपून. जिथे दोन पदर एकमेकांना घासतात तिथे लोखंड दुसऱ्या पदराला सोलून काढतं. तिथे जुनी माणसं चामड्याची वादी ओवायची आणि ते बरोबरच होतं. वादी ओवताना पुलीकडच्या बाजूला टाके सरळ ठेवायचे, फुल्या फक्त बाहेरून, नाहीतर फुलीवर वादी लवकर झिजते. भोकं दोन ओळींत पुढेमागे पाडा, सगळी एका रेघेत पाडली तर पट्टा तिथेच फाटतो, तिकिटासारखा. घोटी-इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहितीये, वादी भिजली की सैल होते, पावसाळ्यात रोज हात लावून बघायची. अर्थात इंजिन बंद करूनच.

आता बसवायचं कसं. निम्मे जॉइंट इथेच बिघडतात, कारण टोक तिरकं कापलेलं असतं. जुन्या पट्ट्याची कड झिजून वाकडी झालेली असते, तिला गुण्या (सुताराचा काटकोन) लावला तर रेघही वाकडी येते, म्हणून आधी पट्ट्याच्या मधोमध रेघ मारा आणि गुण्या त्या रेघेला लावून कापा. टोक तिरकं राहिलं तर पट्टा एका कडेला ओढला जातो, पुलीवरून उतरतो, आणि आपण पुलीला दोष देत बसतो. लेसिंग पट्ट्यापेक्षा थोडी कमी रुंद ठेवा, दोन्ही कडांना जरा जागा सोडा. ठोकताना खाली ऐरण किंवा जाड लोखंडी प्लेट पाहिजे, लाकडावर ठोकलं तर दात नीट वळत नाहीत. मी आधी दोन्ही टोकांचे दात हलके धरवून घेतो, मग मधले, मग उलटून परत सगळे. शेवटी पट्ट्याच्या पुलीकडच्या बाजूवरून बोट फिरवा, एखादा दात उभा लागला तर तिथेच दाबा.

पट्टा चढवताना इंजिन पूर्ण थांबलेलं पाहिजे, पळत्या पुलीवर काठीने पट्टा चढवायची सवय असेल तर ती आजच सोडा, आणि गळ्यातला गमछा, ओढणी आधी बाजूला ठेवा. जॉइंटचं लोखंड कापडाला धरलं की सोडत नाही.

नवीन पट्टा पहिले काही दिवस ताणतो. तो सैल पडला म्हणून पकड यावी यासाठी लगेच राळ चोळू नका, एका बाजूची लेसिंग कापून काढा, तेवढा पट्टा कमी करा आणि त्या टोकाला नवीन पट्टी ठोका. म्हणून लेसिंग घेताना एक जोडी आणि दोन पिना जास्तच आणा. मामांनी त्या पिना आता इंजिनाच्या मागच्या खिळ्याला सुतळीने बांधून ठेवल्यात.