कोंबुचापासून कापड करताय? या चुका टाळा

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. त्यावर जिवाणूंच्या सेल्युलोजची जाड साय धरते, ती वाळवली की चामड्यासारखं कापड मिळतं. चहा, साखर, व्हिनेगर आणि जिवंत कल्चर, म्हणजे जिवाणू-यीस्टचं विरजण. सामान एवढंच, म्हणून सगळ्यांना काम सोपं वाटतं. लंडनच्या फॅशन डिझायनर सुझान ली यांनी अशा सायीची जॅकेटं शिवली. 2011 च्या टेड भाषणाचा तो व्हिडिओ बघून फॅशनची मुलं थेट टब विकत आणतात. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलंय की पावसात हा ड्रेस पाणी पिऊन जड होईल आणि शिवणी सुटतील. ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टबला हात लावणं. साय द्रव आणि हवा जिथे भेटतात तिथेच धरते. टब हलवला की ती तिरकी होते किंवा खाली बसते, मग वर नवीन थर धरतो आणि दोघांचा एकजीव होत नाही. वाळल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. "सर, फक्त बोटाने दाबून बघितलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता टबवर तारीख लिहून खोलीलाच कुलूप लावतो. पंचवीस ते तीस अंशांत दीड-दोन सेंटीमीटर जाडी यायला दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. घाई असेल त्याने रेक्झिन घ्यावं.

आता वाळवण्याकडे येऊ. एका मुलीने फायनल इयरच्या शोसाठी बोलेरो, म्हणजे आखूड जॅकेट, करायला घेतला होता. साय उत्तम, एकसारखी जाड. पण शो तोंडावर आला, म्हणून तिने ती जेमतेम विसळली आणि मे महिन्यात गच्चीवर, पत्र्यावर उन्हात टाकली. संध्याकाळपर्यंत कडा वर वळून पापडासारख्या तडकल्या. मग कोणीतरी सांगितलं, ग्लिसरीन लाव. तिने सढळ हाताने चोपडलं. तुकडा मऊ झाला, शिवलाही. शो पुढे ढकलून जुलैत गेला. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि आत साखर तशीच होती. मुंबईच्या त्या दमट हवेत बोलेरो मॉडेलच्या दंडाला चिकटला, आणि हँगरवर मुंग्या.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतो, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवतो. त्यानंतर वास जाईपर्यंत आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळत राहतो. गुळगुळीत लाकडी फळीवर, सावलीत, पंख्याखाली वाळवतो आणि मध्ये एकदा उलटवतो. सायीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे दोन सेंटीमीटरचा कागद होणार हे धरूनच चाला. अर्धवट ओली असताना कडा एकमेकींवर ठेवल्या तर त्या आपोआप चिकटतात, शिवणीची गरजच कमी होते. ग्लिसरीन अगदी थोडं, आणि पावसाळ्यात तेही नाही. मी खोबरेल तेलात मेण वितळवून चोळतो.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. उकळत्या चहात कल्चर टाकू नका, मरतं. तीस अंशांखाली येऊ द्या. आधीच्या टबातलं आंबट पाणी किंवा व्हिनेगर घालताना हात आखडू नका. आंबटपणा कमी पडला की बुरशी आलीच. वर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी दिसली तर पूर्ण टब फेकायचा. खालची तपकिरी दोरी मात्र यीस्टची असते, तिला घाबरून फोन करू नका. झाकणाऐवजी घट्ट विणीचं सुती कापड बांधा. मलमलीच्या जाळीतून चिलटं आत शिरतात. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको.

आणि शेवटी पाणी लागू नये म्हणून वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन हे प्लास्टिक, फवारणारे. अरे, मग एवढे आठवडे कशासाठी घालवले? केरळात 'मलाई' नावाची कंपनी नारळपाण्यावर जिवाणूंचं सेल्युलोज वाढवून त्यात केळीचे तंतू मिसळते, म्हणजे मजबुती आतून आणता येते. प्लास्टिकचा थर आणि पॉलिस्टरचा दोरा लावलेल्या तुकड्याला जैवविघटनशील म्हणू नका. तसं लेबल लावून कोणी माझ्याकडे आणलं, तर मी आधी उलटं करून शिवण बघतो.