ट्रेडमिलची पाठ भिंतीला नको

फ्लॅटमध्ये जागा कमी, त्यात समोर टीव्ही हवा. म्हणून बरेच जण ट्रेडमिल अशी लावतात की मागचं टोक भिंतीला टेकतं. धोका तिथेच आहे. तोल गेला तर पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे भिंत असेल तर तो चालत्या पट्ट्यात आणि भिंतीत अडकतो. मागे निदान 2 मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी ठेवा. टीव्ही हलवावा लागला तर हलवा.

लाल दोरीची सेफ्टी की (ती निघाली की पट्टा थांबतो) कपड्याला रोज अडकवा. व्यायाम झाला की ती काढून उंच जागी ठेवा आणि प्लगही काढा. घरात लहान मूल असेल तर यात हयगय नकोच. सुरू करताना फिरणाऱ्या पट्ट्यावर नाही, त्याच्या दोन्ही कडांच्या न हलणाऱ्या भागावर उभं राहा.

पहिली पाच मिनिटं ताशी 3-4 किलोमीटरने चाला, मग वेग वाढवा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की वेग बरोबर. दांडा घट्ट धरून चढावर चालणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक, कारण वजन हातांवर जातं. त्यापेक्षा चढ कमी करा, हात मोकळे सोडा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालायला सुरुवात झाली की व्यायाम संपलाच म्हणून समजा.