आवडत्या चित्रकारावर टीका आली? उत्तर देताना या चुका टाळा

ठाण्यात कॉमिक्स जपून ठेवणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. नौपाड्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे गठ्ठे निघतात, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये जाडजूड आवृत्त्यांनी कपाटं भरलेली असतात. आम्ही काही जण अधूनमधून रविवारी सकाळी तलावपाळीला भेटतो आणि पिशव्यांतून एकेक अंक बाहेर येतो. एखाद्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात कुणी आवडत्या चित्रकाराला धारेवर धरलं असेल, तर त्या दिवशी दुसरा विषय निघत नाही. संपादकांना पत्र लिहायचं तिथेच ठरतं. ते पत्र वाचताना मात्र जीव तुटतो. ज्याला प्रत्येक पान पाठ आहे, त्याच्या पत्रात एकाही पानाचा उल्लेख नसतो.

समीक्षकाने तो अंक दोनदा वाचला असेल. चाहत्याने तो लहानपणापासून किती वेळा चाळलाय, याचा हिशोबच नाही. एवढं जवळून पाहिलेलं दुसऱ्या कुणाकडे नसतं, आणि उत्तरात तेच उतरायला हवं. ते का उतरत नाही, हे नेहमीच्या चुकांवरून कळतं.

“तुला तरी काढता येतं का?”

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. कॉमिक वाचणाऱ्यांसाठी छापतात. चित्र काढता आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असा नियम केला, तर आपण करतो ते कौतुकही बंद करावं लागेल. “कालची पोरं, यांना काय कळतंय” हे त्याच जातीचं.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा फुटतो. टीका प्रताप मुळीक, राम वाईरकर किंवा दिलीप कदम या मराठी कॉमिक-चित्रकारांवर असेल तर हमखास वाक्य येतं: “मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो.” या तिघांचं काम एवढं मोठं आहे की त्यांना जातीभाषेच्या कुबड्या लागत नाहीत. मुळीकांनी ‘अमर चित्र कथा’तले राजे-योद्धे रंगवले आणि पुढे ‘राज कॉमिक्स’साठी नागराज हा सुपरहिरोही काढला. पौराणिक अंगकाठी आणि सुपरहिरोची अंगकाठी एकाच हाताने कशी पेलली, हे दोन पानं शेजारी ठेवून दाखवलं तर ते उत्तर होतं. पाय ओढण्याची तक्रार वाचून कुणाचंच मत बदलत नाही.

कुणाचा हात आहे, हे न बघता भांडणं

इथे जरा थांबतो, कारण अर्धीअधिक भांडणं इथेच सुरू होतात आणि इथेच मिटूही शकतात.

गडकरी रंगायतनला मध्यंतरात चहा घेणारा प्रेक्षक सहज बोलून जातो, “कामं छान झाली, पण संहिता लांबली, आणि नेपथ्य उगाच भपकेबाज.” कोणाचं काय ते त्याला वेगळं काढता येतं. कॉमिकच्या पानावरही तसेच पाच-सहा हात असतात: लेखक, पेन्सिलीने चित्र काढणारा, त्यावर शाई करणारा, रंग भरणारा, फुग्यातली अक्षरं लिहिणारा आणि वर संपादक. परीक्षणात सगळं ‘चित्रकार’ या एका नावावर खपवलेलं असतं, आणि चाहताही तेच धरून बसतो.

अमेरिकन चित्रकार जॅक कर्बींचं उदाहरण घ्या. साठच्या दशकातल्या त्यांच्या ‘थॉर’च्या अंकांवर व्हिन्स कोलेटा शाई करत. काम वेळेत हातावेगळं करायचं म्हणून ते कर्बींनी पेन्सिलीने काढलेल्या मागच्या आकृत्या, इमारतींचे बारकावे खोडून टाकत किंवा सपाट काळे करत. “पार्श्वभूमी रिकामी, घाईत उरकलेली” असा आक्षेप आला, तर तो नेमका कुणाच्या पदरात घालायचा, हे आधी तपासावं लागतं. १९७०च्या सुमारास कर्बी सुपरमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशनाकडे गेले आणि ‘जिमी ऑल्सेन’ या मालिकेच्या अंकांत त्यांनी काढलेल्या सुपरमॅनचे चेहरे संपादकांनी अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसन यांच्याकडून नव्याने काढून घेतले. सुपरमॅन बाकीच्या पानापासून तुटलेला वाटतो असं कुणी लिहिलं, तर तो बरोबरच बघतोय. त्याचं कारण मात्र त्याला ठाऊक नाही, आणि ते सांगणं हे चाहत्याचं काम. पुढे माइक रॉयर यांनी शाई केलेले त्याच काळातले अंक कोलेटांच्या अंकांशेजारी ठेवा. कर्बींची जाड, ठाम रेषा जशीच्या तशी उतरलेली दिसते.

पण सगळं शाईवाल्याच्या माथी मारण्याची सवयही वाईट. पानाची मांडणी, माणसं चौकटीत कुठे उभी आहेत, नजर कुठून कुठे जाते, हे पेन्सिलवाल्याचं. तिथे गडबड असेल तर ती त्याची.

आपल्या घरच्या इंद्रजालचंही असंच आहे. मार्च १९६४मध्ये वेताळच्या (म्हणजे फँटमच्या) गोष्टीने सुरू झालेली ही मालिका १९९०मध्ये बंद पडली. तिची कितीतरी मुखपृष्ठं गोविंद ब्रह्मानिया यांनी रंगवली. आतलं वेताळचं काम मात्र अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या पट्ट्यांचं. त्यामुळे “मुखपृष्ठ इतकं देखणं आणि आत सगळं साधं” ही तक्रार दोन वेगळ्या माणसांच्या कामाची तुलना असते. शिवाय वर्तमानपत्राच्या आडव्या पट्टीतल्या चौकटी पुस्तकाच्या उभ्या पानात बसवताना कापल्या, हलवल्या जायच्या. म्हणून पानाच्या मांडणीवरून मूळ चित्रकाराला बोल लावण्यात अर्थ नाही.

वेताळचे चित्रकारही बदलत गेले. १९३६मध्ये पट्टी सुरू झाली तेव्हा रे मूर, नंतर १९६१पर्यंत विल्सन मॅकॉय, आणि मधला थोडा काळ सोडला तर पुढे १९९४पर्यंत साय बॅरी. आमच्यातल्या एकाने सबंध सकाळ बॅरींची बाजू लढवली आणि शेवटी अंक उघडला तर गोष्ट मॅकॉयची. ओळखणं अवघड नाही. मॅकॉयची रेषा जाड आणि साधी, छाया जवळजवळ नाहीच, माणसं थोडी ताठ. बॅरींकडे स्नायूंवर, झाडांच्या खोडांवर, घोड्याच्या मानेवर दाट काळं काम असतं. ‘टिंकल’मधल्या सुपंडीच्या बाबतीतही हा घोळ होतो. तो काढणारे राम वाईरकर २००३मध्ये गेले, नंतर त्यांची कन्या अर्चना आंबेरकर सुपंडी काढू लागल्या. टीका कुठल्या सुपंडीवर आहे, ते आधी बघा.

तुमच्या हातातली आवृत्ती वेगळी असेल तर

बॅटमनच्या ‘द किलिंग जोक’ या पुस्तकावरून दोन शहाणी माणसं तावातावाने भांडताना मी पाहिलीत. दोघांचंही बरोबर होतं. १९८८च्या पुस्तकात ब्रायन बोलंड यांच्या चित्रांवर जॉन हिगिन्स यांचे रंग आहेत: नारिंगी, जांभळे, हिरवे, जत्रेच्या दिव्यांसारखे भडक. २००८च्या आवृत्तीत बोलंड यांनी सगळं पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं. रंग थंड झाले, भूतकाळाची पानं जवळजवळ कृष्णधवल झाली आणि त्यात एखादीच वस्तू लालसर राहिली. झटपट ओळखायचं असेल तर बॅटमनची छाती बघा. वटवाघळामागे पिवळा लंबगोल असेल तर जुनी, नसेल तर नवी. “रंग अंगावर येतात” आणि “रंग निर्जीव आहेत” ही दोन्ही मतं एकाच पुस्तकाबद्दल खरी असू शकतात. उत्तरात आवृत्तीचं साल न लिहिणं म्हणूनच महागात पडतं.

जुन्या छपाईबद्दलही एक सांगतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्तमानपत्री कागद पिवळट होतो, पिना गंजतात, रंग मंदावतात. त्यावरून कुणी चित्रकाराला “रंगांची जाण नाही” म्हणत असेल, तर भिंग घेऊन रेषेच्या कडा बघा. एखादा रंग सगळ्या पानावर एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेला असेल तर ती छापखान्याची चूक. एकाच चौकटीत रंग बाहेर गेला असेल तर ती रंग भरणाऱ्याची.

खपाचे आकडे तोंडावर फेकणं

१९९१च्या ‘एक्स-फोर्स’च्या पहिल्या अंकाचा खप सुमारे ५० लाखांचा सांगतात. त्याचे चित्रकार रॉब लीफेल्ड यांच्या चाहत्यांचं हे आवडतं हत्यार. पण तो अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाच वेगवेगळ्या कार्डांपैकी एक घालून विकला होता. पाचही कार्डं हवी म्हणून एकेकाने अनेक प्रती घेतल्या. आणि समजा नसत्या घेतल्या, तरी लीफेल्ड यांच्यावरचा आक्षेप पावलं नीट न काढण्याचा, मनगटांच्या मापाचा, पाय टेकायला जमीन नसण्याचा होता. खप कितीही असला तरी पावलं होती तशीच राहतात.

लीफेल्ड यांच्या बाजूने बोलायला जागा आहे, असं मला मनापासून वाटतं. ‘न्यू म्यूटंट्स’च्या ९८व्या अंकातला डेडपूल पहिल्याच भेटीत लक्षात राहतो. वेशभूषा, पवित्रा, पानावर आदळणारा जोश हे खरं बळ आहे. त्यावर लिहा. पावलांवर लिहिलंत तर हराल.

“ती त्यांची शैली आहे”

हे वाक्य खरंही असतं आणि पळवाटही. फरक तपासता येतो.

पहिली तपासणी: अंगाच्या ठेवणीची, मापांची ती मोडतोड पानोपानी त्याच नियमाने होते का? कर्बींची चौकोनी बोटं आणि अंगावर येणारी मूठ अंकामागून अंकात तशीच दिसते. माइक मिग्नोला हेलबॉयच्या पानांवर अर्धा चेहरा काळ्यात बुडवतात, तेव्हा प्रकाश कुठून येतोय हे शेजारच्या चौकटीत जुळतं. एका चौकटीत डावा हात लांब आणि पुढच्यात उजवा, असं असेल तर शैलीचं नाव घेऊ नका.

दुसरी: त्या मोडतोडीने काम काय केलं? मॅकॉयची माणसं ‘लाकडी’ आहेत, हा आक्षेप मी मान्य करतो. कोपर वळल्यासारखं वाटत नाही, बोटं एकमेकांना चिकटलेली. पण वर्तमानपत्राच्या छोट्याशा पट्टीत, हलक्या कागदावर, कोण कुठे उभं आहे आणि कोणी कुणाला मारलं हे एका नजरेत कळतं. आकृतीभोवती मोकळी जागा सोडलेली असते, दोन माणसं एकमेकांत मिसळत नाहीत. हे दाखवता आलं की ‘शैली’ शब्द वापरावाच लागत नाही.

तिसरी सोपी आहे. कागदाच्या पट्टीने फुगे झाका आणि पान न वाचता फक्त बघा. काय घडलं ते कळलं, तर चित्रकाराने गोष्ट सांगितली आहे. ज्याने ते कॉमिक कधी वाचलेलं नाही अशा घरातल्या माणसाला दाखवा, आपल्याला तर गोष्ट आधीच पाठ असते. मी हे पुतण्याला बसवून करतो. तो अडखळतो ती चौकट बहुतेक वेळा समीक्षकानेही धरलेली असते.

आक्षेप गोष्टीवर, उत्तर रेषेवर

अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’वर अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतलेत: देव आणि राजे गोरे, असुर काळे, स्त्रिया ठरावीक साच्यात. त्यावर “पण रेषा किती सुंदर आहे” हे उत्तर होत नाही. प्रश्न वेगळाच विचारलाय. जंगलातल्या लोकांना गोरा रक्षणकर्ता लागतो, या वेताळवरच्या आक्षेपाचंही तेच. ‘किलिंग जोक’मध्ये बार्बरा गॉर्डन या पात्रावर जोकरने केलेला जो अत्याचार दाखवला, त्याबद्दल लेखक ॲलन मूर यांनीच नंतर नापसंती दाखवली आहे. तिथे बोलंड यांच्या कसबाची ढाल करून उपयोग नाही. अशा वेळी चित्रकाराचा वाटा किती आणि लेखक-संपादकाचा किती, हे तपासून तेवढंच बोलावं. आक्षेप पटत असेल तर तसं लिहावं. माझ्या वेताळप्रेमाला त्याने कधी तडा गेला नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. परीक्षण अर्धवट वाचून, मथळ्यावर चिडून लिहू नका. मथळा बहुतेक वेळा समीक्षकाने दिलेलाच नसतो. दहा जणांनी एकच मजकूर पाठवू नये, एकाने नीट लिहावं. चित्रकार हयात असतील तर कात्रण घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. आणि सगळंच नाकारू नका. फ्रँक मिलर यांचं बॅटमनवरचं १९८६चं ‘डार्क नाइट रिटर्न्स’ ज्याला जीव की प्राण आहे, त्याने त्याचा पुढचा भाग, २००१-०२चं ‘स्ट्राइक्स अगेन’, तितकंच उत्तम आहे असं म्हणायलाच हवं, असं कुठे आहे? पहिल्यात क्लाउस जॅन्सन यांची शाई होती, दुसऱ्यात ती मिलर यांचीच. दोन्ही पुस्तकांतली गर्दीची दृश्यं शेजारी ठेवून बघा, काय हरवलं ते चाहत्यालाच सगळ्यात आधी दिसेल.

पत्र आधीच गेलं असेल तर

रागात पाठवलेलं पत्र छापून आलं असेल तर दुसरं लगेच पाठवा, आणि पहिल्याचं समर्थन त्यात करू नका. “मागच्या पत्रात मी समीक्षकाबद्दल लिहिलं, कामाबद्दल लिहायचं राहिलं” एवढं एक वाक्य पुरे. मग थेट पानावर या. दोनशे-अडीचशे शब्दांत एकच मुद्दा घ्या. समीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं द्या, अंकाचं नाव, क्रमांक, आवृत्तीचं साल, पान आणि चौकट लिहा. चौकटी वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजाव्यात, म्हणजे वाचणारा चुकत नाही. चौकटीचा फोटो जोडणार असाल तर फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ काढा. अंक पिनेपाशी दाबून सपाट करू नका, जुना कागद तिथेच फाटतो.