ऑपरेशननंतरच्या उलट्या: या चुका टाळा

पसरणी घाटात एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे ती आत्या. राहायला पाचगणीत, म्हणजे घाट कायमचा. साताऱ्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काही त्रास?" बीपी नाही, शुगर नाही. आत्या म्हणाली, "नाही हो डॉक्टर, काही नाही." रात्रभर टाक्यांवर हात दाबून ओकत होती.

मोठी चूक ती. गाडी लागणं हा काय आजार आहे, म्हणून कोणी बोलत नाही. भूलतज्ज्ञाला नेमकं तेच हवं असतं. १९९९ मध्ये भूलतज्ज्ञ अ‍ॅपफेल आणि सहकाऱ्यांनी चार प्रश्नांची साधी मोजणी मांडली: बाई आहे का, विडी-सिगारेट ओढत नाही का, गाडी लागते किंवा मागच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागणार का. एकही लागू नसेल तर धोका साधारण १० टक्के, चारही असतील तर ८० च्या आसपास. आत्याचे चारही. (ओढणाऱ्यांना त्रास कमी होतो हे खरं, पण म्हणून कोणी विडी पेटवू नका.) आधी कळलं तर भुलीसाठी गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देता येतं, उलटी रोखायला सुरुवातीलाच डेक्सामेथासोन आणि शेवटी ऑन्डान्सेट्रॉन. उलट्या सुरू झाल्यावर यातलं निम्मं हातचं गेलेलं असतं.

दुसरी चूक, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. बहुतेकांना साधं पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र ६ तास, तळलेलं-मटण ८ तास आधी बंद. तुमच्यासाठी वेळ किती, हे विचारून घ्या.

शुद्धीवर आली की थर्मास उघडणारे नातेवाईक ही तिसरी. आधी सिस्टरांना विचारा, मग घोट घोट पाणी. झटकन उठवून बसवू नका. दुखणं सोसत पडण्यातही शहाणपण नाही, दुखण्यानेही मळमळतं.

उलटीत रक्त किंवा हिरवं पाणी दिसलं, पोट फुगलं, लघवी होईना, तर लगेच कळवा.

घरी जाताना परत तोच घाट. डिस्चार्जच्या कागदावर गाडी लागण्याची गोळी लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. पिशवी मात्र आत्याने आठवणीने घेतली होती.