कारवारच्या बाजूला हातानं घर बांधायचं असेल तर

बेळगावात समुद्र म्हटलं की सगळे गोव्याकडं वळतात, आम्ही मात्र खानापूर, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट करत कारवारच्या बाजूला जागा घेतली आणि सुट्टीत सगळ्यांनी एकत्र राहायला दोन खोल्या नि एक पडवी एवढंच घर घरच्यांनी मिळून बांधलं, गवंडी फक्त दोन.

जागा घ्यायच्या आधी आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबाराच) बघा आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची चौकशी कराच. भरतीरेषेपासून गावाच्या वर्गाप्रमाणे 50 किंवा 200 मीटरमध्ये नवीन घर बांधता येत नाही, आणि पुढं 500 मीटरपर्यंतसुद्धा परवानगी लागतेच. शेतजमीन असेल तर बिगरशेती करून घ्या.

दुसरं म्हणजे वेळ. दसरा झाला की पाया खणायचा आणि मे संपायच्या आत कौलं चढलीच पाहिजेत, कारण जूनमध्ये तिथला पाऊस आडवा येतो आणि अर्धवट भिंत भिजली की सगळी मेहनत पाण्यात.

आखणीला इंजिनिअरची वाट बघत बसू नका. कोपऱ्यात खुंटी मारा, एका दोरीवर 6 फूट, दुसरीवर 8 फूट मोजा, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 फूट आलं की कोपरा काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे यायला पाहिजेत. आमच्याकडं दोरी धरायला दहा वर्षांची पुतणी होती आणि साडेतीन इंचाचा फरक तिनंच पकडला. पाया मात्र घट्ट जमीन लागेपर्यंत खणा, रेताड असेल तर रुंद ठेवा आणि इथं जाणकाराला विचाराच. जोतं अडीच-तीन फूट वर घ्या.

भिंतीला चिराच, म्हणजे जांभ्या दगडाचा. खाणीतून काढल्यावर मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, त्यामुळं आणून थोडे दिवस रचून ठेवा आणि लावायच्या आधी पाण्यात भिजवा, नाहीतर कोरडा चिरा सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेतो नि सांधा भुसभुशीत राहतो. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून कधीच वापरू नका, त्यातलं मीठ सळई खातं.

लोखंडाच्या बाबतीत आम्ही चुकलो. वासे-रिपांना साधे खिळे मारले, दोन पावसाळ्यात डोकी गंजून बोटानं सोलली जाऊ लागली आणि एका वाऱ्यात खालच्या ओळीची कौलं सरकली. आता सगळीकडं स्टेनलेसचे स्क्रू आणि कडेच्या ओळी तांब्याच्या तारेनं बांधलेल्या. मंगळुरी कौलाला उतार चांगला खडा ठेवा आणि छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट काढा, पागोळ्या भिंतीवर पडायला नकोत. हीच कौलं मंगळुरात 1865 पासून कारखान्यात बनतात, ती या पावसासाठीच आहेत, पत्र्याच्या नादाला लागू नका, दुपारी आत बसवत नाही.

वायरिंग लायसनवाल्याकडून, शौचाची टाकी विहिरीपासून 50-60 फूट लांब, जमिनीला रेड ऑक्साईड. आणि शंभरेक कौलं जास्तीची घेऊन पडवीत रचून ठेवा, दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांनी जाऊन फुटकी बदलायची, कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, चुन्यानं परत बसवायचे.